प्रवाशाचा पिंड

‘तुम्ही जा. मी घर सांभाळते.’

आमच्या आईचे हे वाक्य आम्ही बरेच महिने तिच्या वयाच्या खाती जमा करीत होतो. माणूस सत्तरी ओलांडतो, गुडघे कुरकुरू लागतात, बाहेरचे अन्न सोसत नाही. अशा वेळी त्याला घरच बरे वाटणार, हे आम्हाला इतके स्वाभाविक वाटले की त्यामागे दुसरे काही कारण असेल, अशी शंकाही मनाला शिवली नाही. मग २०२५ च्या ऑगस्टअखेरीस शेजारच्या बायकांबरोबर ती वेळांकणी मातेच्या नोव्हेनाला निघाली. वसईहून इतक्या लांबचा आगगाडीचा प्रवास, साधा शयनयान डबा, घरून नेलेल्या चपात्या आणि सुकटीची चटणी, एका खोलीत सहा जणींचा मुक्काम. परत आली ती टवटवीत होऊन. गुडघ्यांचे नावसुद्धा नाही. त्या रात्री जेवताना ती गाडीतल्या गमती सांगत होती आणि आमचा घास मात्र हातातच राहिला होता. आईला प्रवास नकोसा झालेला नव्हता. तिला आमच्याबरोबरचा प्रवास नकोसा झाला होता.

त्या घासाने आम्हाला पुष्कळ विचार करायला लावले.

मूळ प्रसंग आदल्या डिसेंबरातला. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी भाविकांना खुले होते. ते त्या खेपेस २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात होते. ‘पुढच्या वेळेस मी असेन की नसेन,’ असे आई सहज म्हणाली आणि आम्ही कामाला लागलो. नियोजन हा आमच्या अभिमानाचा विषय. तीन दिवस, सतरा ठिकाणे. प्रत्येक ठिकाणासमोर पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि मधले अंतर. दोन पानांचा तो आराखडा आम्ही कुटुंबातील प्रत्येकाला छापून दिला. आईने तो घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. तिने तो वाचला की नाही, हे आम्ही विचारले नाही.

दर्शनाच्या रांगेत ती दोन तास जपमाळ घेऊन उभी होती. तक्रारीचा शब्द नाही. से कॅथेड्रलमध्ये त्या पेटीसमोर जे काही क्षण मिळाले, ते तिला पुरले असावेत. बाहेर येऊन ती झाडाच्या सावलीत बसली आणि म्हणाली, ‘थोडं बसू या.’ आम्ही दहा मिनिटे मंजूर केली. (‘मंजूर केली’ हे शब्द आज लिहिताना खटकतात, पण त्या वेळी आमचा आवाज तसाच होता.) मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून आम्ही मांडवीच्या धक्क्यापर्यंत गेलो, कारण कमान यादीत होती. समोर फेरीबोट लागत होती. माणसे, दुचाक्या, भाजीच्या पाट्या, शाळेची पोरे एका दमात आत शिरत होती.

‘ही बोट कुठे जाते?’ आईने विचारले.

‘समोरच्या बेटावर. दिवाडीला.’

‘लांब आहे का?’

‘नाही. पण आपल्या यादीत ते नाही.’

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरांपैकी चौदा ठिकाणे झाली होती आणि आम्ही उरलेल्या तिहींबद्दल हळहळत होतो. आई गाडीत झोपली होती. घरी आल्यावर शेजारणीने विचारले, ‘कसा झाला प्रवास?’ त्यावर आईने जे उत्तर दिले ते तेव्हा आम्हाला प्रशस्तिपत्र वाटले होते. ती म्हणाली, ‘मुलाने सगळं दाखवलं हो.’

दाखवलं. पाहिलं असे ती म्हणाली नाही.

वाचकहो, प्रत्येक माणसाला प्रवासाचा एक पिंड असतो. कोणी गावात शिरल्याबरोबर बाजार शोधतो. आमच्या पत्नीला मासळीबाजार पाहिल्याशिवाय गाव पाहिल्यासारखे वाटत नाही. आमच्या मुलाला पाणी दिसले की पोट रिकामे होईपर्यंत तो पाण्याबाहेर येत नाही. आई बसते आणि पाहते. आम्ही यादी करतो. एका घरातल्या चार माणसांचे हे चार पिंड आणि चौघांचे तिकीट एक. आपण प्रवासाला निघताना औषधांची चौकशी करतो, हवेची करतो, खोलीत गरम पाणी मिळेल का याची करतो. ‘मी कोणत्या प्रकारचा प्रवासी आहे आणि माझ्या सोबतची माणसे कोणत्या प्रकारची आहेत?’ ही चौकशी मात्र सहसा राहून जाते. हा प्रश्न आम्हाला पूर्वी केवळ सोयीचा वाटे. आता तो नीतीचा वाटतो. कारण स्वतःचा पिंड न ओळखणारा माणूस त्याची किंमत स्वतः भरत नाही, सोबतच्यांकडून वसूल करतो. आणि बहुधा त्यांच्यातल्या सर्वांत मुकाट माणसाकडून.

आमचा पिंड असा का, याचा शोध घेताना आम्हाला आमचे बालपण आठवले. आमच्या घरी प्रवास म्हणजे सप्टेंबरात बांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा आणि अधूनमधून नात्यातले एखादे लग्न. वडिलांची रजा मोजकी, पैसा त्याहून मोजका. वर्षातून एकदा घराबाहेर पडायचे तर डोंगर चढून दर्शन घ्यायचे, मेणबत्ती लावायची, जत्रा हिंडायची, नातेवाइकांकडे जायचे आणि शेवटची गाडीही गाठायची. एवढे सगळे एका दिवसात बसवणारा माणूस म्हणजे आमचे वडील. ते कर्तबगार ठरत आणि आम्ही त्यांच्याकडे कौतुकाने पाहत असू. यादी करण्याची आमची सवय तिथली आहे. टंचाई सरली, सवय उरली. आज आमच्यापाशी रजा आहे, थोडाफार पैसाही आहे. तरी गावात पाऊल टाकले की आतला तो मुलगा शेवटच्या गाडीची घाई करू लागतो.

म्हणून यादीवाल्या प्रवाशाची सरसकट थट्टा आम्हाला मान्य नाही. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये टॉमस कुक या दारूबंदीच्या प्रचारकाने सुमारे पाचशे माणसांना लेस्टरहून लाफबरोला खास आगगाडीने नेले. तिथे दारूबंदीची सभा होती आणि भाडे होते एक शिलिंग. अंतर जेमतेम अठरा किलोमीटर. पण संघटित सहलींच्या व्यवसायाचा उगम पुढे तिथेच शोधला गेला. ज्यांना एकट्याने कुठे जाण्याची ऐपत नव्हती आणि धीरही नव्हता, अशा कष्टकऱ्यांसाठी कोणीतरी वेळापत्रक आखले, भाव ठरवला आणि बोट धरून नेले. आजही ‘नऊ दिवसांत अमुक इतकी शहरे’ अशी जाहिरात वाचून आपण हसतो. पण आयुष्यभर भाजी विकून एकदाच रोमला गेलेल्या जोडप्याला त्या नऊ दिवसांत सगळे पाहायचे असते, तेव्हा ते हसण्याजोगे नसते. त्यांची घाई आम्ही ओळखतो.

उलट, ‘आम्ही एकाच गावात आठ दिवस राहिलो, एकही प्रेक्षणीय स्थळ पाहिले नाही,’ असे सांगणारी एक नवी जमात अलीकडे भेटू लागली आहे. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असते ते आमच्या सतरा ठिकाणांच्या समाधानाहून फारसे वेगळे नसते. यादीत एकच नाव असले तरी यादी ती यादीच.

जुन्या गोव्याच्या त्या आवारात उभे राहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. ज्यांच्या दर्शनाला आपण जातो ते संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. त्यानंतर त्यांच्या आयुष्याची दहाच वर्षे उरली होती. त्या दहा वर्षांत दक्षिणेचा मोतीकिनारा, मलाक्का, मोलुकस बेटे आणि जपान इतके ते हिंडले. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दारात, शांगच्वान बेटावर त्यांचा देह पडला, तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. एका जागी टिकणे त्यांच्या पिंडात नव्हते. त्याच येशूसंघाचे फादर टॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात त्याच गोव्यात उतरले. त्यांनी आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे मुख्यतः सासष्टीच्या परिसरात काढली. मायदेशी इंग्लंडला ते परतलेच नाहीत. इथल्या लोकांची बोली त्यांनी कानात आणि मनात इतकी मुरवली की १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापून निघाले. आणि ज्यांनी हा संघ स्थापन केला ते संत इग्नेशियस लोयोला? १५२३ साली ते मोठ्या कष्टाने यरुशलेमला पोहोचले. तिथेच कायम राहावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती, पण तिथल्या पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवले. आयुष्याची अखेरची पंधराएक वर्षे या यात्रेकरूने बहुतेक रोममध्ये एका जागी बसून पत्रे लिहिण्यात काढली आणि प्रवासाला इतरांना धाडले.

एक धावणारा, एक मुरणारा, एक बसून राहिलेला. यांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न विचारणे पोरकटपणाचे आहे. झेवियरांना सासष्टीत चाळीस वर्षे बसवले असते तर कदाचित त्यांची घुसमट झाली असती, आणि स्टीफन्सना दर वर्षी नव्या किनाऱ्यावर उतरवले असते तर मराठीचा एक अलंकार आपण गमावला असता. पण इथे एक बारीक गोष्ट दडलेली आहे. या तिघांपैकी कोणीही केवळ आपल्या आवडीने निघालेला नव्हता. पाठवणारा दुसरा होता, निदान थांबवणारा तरी दुसरा होता.

आणि इथेच आमच्या मनात आमच्याच विचाराविरुद्ध एक आक्षेप उभा राहिला. स्वतःचा पिंड ओळखावा, हे ठीक. पण ओळखून काय करायचे? त्याला गोंजारत बसायचे? ‘मला गर्दी चालत नाही’, ‘मी सकाळी नवाच्या आत उठत नाही’, ‘मला ओळखीचेच जेवण लागते’, असे आत्मज्ञान तर हॉटेलातल्या फर्माइशींसारखे झाले. स्वतःच्या मापाचा प्रवास शिवून घेतला की अंगावर कुठे बोचत नाही, हे खरे. पण न बोचणारा प्रवास काय शिकवतो? आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या माणसाला त्याचा पिंड कोणी विचारत नाही. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, जवळजवळ तीन आठवडे. मुक्काम कुठे, विसावा कुठे, कोणती दिंडी पुढे, कोणती मागे, हे सगळे आधीच ठरलेले. आवडनिवड घरी ठेवूनच निघायचे. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेतही प्रमाणपत्र हवे असेल तर पायी जाणाऱ्याला निदान शंभर किलोमीटर चालावेच लागते. तिथे वाट माणसाला आपल्या मापाची करून घेते.

मराठीतल्या एका जुन्या प्रवासवर्णनाकडे पाहा. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फिटावे, चार पैसे दक्षिणा मिळावी म्हणून. आणि वाटेत १८५७ चा प्रलय आडवा आला. जिवावरच्या प्रसंगांतून ते गेले, मिळवलेले लुटले गेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील आम्हाला विसरता न येणारी गोष्ट लढाईची नव्हे. हा माणूस एवढ्या विपत्तीतून गंगेची कावड घेऊन घरी आला आणि त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. त्याच्या प्रवासाच्या आराखड्यात युद्ध नव्हते. आईवडील मात्र होते.

तेव्हा आमचे मत आता असे झाले आहे. पिंड ओळखायचा तो त्याचे लाड करण्यासाठी नव्हे. आपण कोणाला कुठे जड होतो, हे निघण्याआधी कळावे म्हणून. काटकसरी माणसाला आपण काटकसरी आहोत हे ठाऊक असेल तर तो निदान वृद्ध वडिलांना उन्हात रिक्षाच्या भाड्यावरून तिष्ठत ठेवणार नाही. एकांतप्रिय माणसाला आपला स्वभाव माहीत असेल तर तो दिवसातला एक तास आधीच मागून घेईल आणि उरलेले तास तोंड पाडून बसणार नाही. सहलीला जाण्यापूर्वी माणसाने स्वतःला बरेच प्रश्न विचारावेत असे म्हणतात. डोंगर की समुद्र, धावपळ की विसावा, किती पैसा, किती दिवस. आम्ही एकच पुरेसा मानतो. दमल्यावर आपण कोणावर चिडतो?

आमच्या संप्रदायात दिवसाच्या शेवटी आत्मपरीक्षण करण्याची जुनी चाल आहे. झोपण्यापूर्वी दिवसाचे तास एकेक करून डोळ्यांसमोर आणायचे. त्या वेळांकणीच्या रात्री आम्ही गोव्याचे तीन दिवस असेच आठवून पाहिले. आणि वरच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पहिल्या दिवशी पाण्याची बाटली उघडायला वेळ लागला म्हणून, दुसऱ्या दिवशी चपला काढायला वेळ लागला म्हणून, तिसऱ्या दिवशी काही कारण नसताना. तिन्ही वेळा आईवर. आवाज चढला नव्हता. फक्त घड्याळाकडे पाहिले होते. ती मात्र प्रत्येक वेळी ‘झालं, झालं’ म्हणाली होती.

क्षमा मागायला हवी होती. ते धैर्य झाले नाही, हे लिहून टाकणे बरे. आपल्या घरांत आईची क्षमा मागण्याची रीत नाही. आपण तिला साडी आणतो, औषध वेळेवर देतो. आम्ही एवढेच केले की दुसऱ्या दिवशी ती अंगणात मोगऱ्याला पाणी घालीत असताना विचारले, ‘आई, पुन्हा गोव्याला जाऊ या का? या वेळी तू सांग, काय पाहायचं.’

‘मला कुठे काय कळतं त्यातलं?’ ती म्हणाली. पाणी घालून झाले. तांब्या उपडा ठेवला. मग म्हणाली, ‘ती बोट.’

पुढच्या हिवाळ्यात आम्ही गेलो. यादी नव्हती. यादीशिवाय प्रवासाला निघणे आम्हाला किती अवघड गेले ते सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. खिशात हात जाई आणि कागद नसे. मांडवीच्या धक्क्यावर सकाळी नऊच्या सुमारास फेरीबोटीत चढलो. पायी चालणाऱ्याला भाडे नाही, हे ऐकून आई अधिकच खूश झाली. काही मिनिटांत दिवाडी आले. माणसे उतरली, नवी चढली. आई जागची हलली नाही. ‘उतरायचं?’ आम्ही विचारले. ‘कशाला?’ बोट परत फिरली. जुना गोवा जवळ आला, झाडांतून मनोरे वर आले. पुन्हा दिवाडी.

खरे सांगायचे तर दुसऱ्या खेपेलाच आम्ही कंटाळलो. पूर्वी असतो तर दोहोंपैकी एक गोष्ट केली असती. तिला उतरवली असती, किंवा तिच्यासाठी त्याग करीत असल्याचा चेहरा करून बसून राहिलो असतो. या दुसऱ्या गोष्टीला आम्ही आजवर प्रेम समजत आलो होतो. त्या दिवशी म्हटले, ‘आई, मी जरा वरच्या चर्चपर्यंत जाऊन येतो. तू फिरतेस का बोटीत?’ तिने हातानेच ‘जा’ म्हटले.

पिएदादच्या टेकडीवर ते चर्च आहे. शेतांमधल्या रस्त्याने आम्ही चालत गेलो, आमच्या वेगाने, म्हणजे भराभर. वरून मांडवी दिसते, पलीकडे जुना गोवा दिसतो. आम्ही चर्च पाहिले, छायाचित्रे काढली, आणि किती वाजले ते पाहिले, हेही कबूल करतो. उतरून धक्क्यावर आलो तेव्हा बोट पलीकडे होती. ती येईपर्यंत उभे राहिलो. आई कठड्याजवळ त्याच जागी होती. तिच्या शेजारी एक मासेवाली बसली होती आणि दोघींचे कोकणी-मराठीत कसलेसे बोलणे रंगले होते.

‘पाच झाल्या,’ आईने सांगितले. फेऱ्या म्हणायच्या होत्या तिला. मग मासेवालीच्या मुलीचे लग्न, मानकुराद आंब्याचा मोहोर, पावसात बोट बंद पडते तेव्हा काय होते, एक पोरगा रोज सायकल घेऊन शाळेला कसा जातो, असे सगळे तिने ओळीने सांगितले. आम्ही कधी न पाहिलेले एक गाव तिने त्या लोखंडी फळीवर बसून पाहिले होते.

सांगून झाल्यावर तिने पदराने कपाळ पुसले आणि टेकडीकडे पाहिले.

‘आता तू सांग. वर काय होतं?’